चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आजवर आपण दुसऱ्याला हसण्यासाठीं वापरीत आलों. परंतु अगदीं तसलेंच बिऱ्हाड हौसेनें थाटण्याची इच्छा अलीकडे सुशिक्षित घरांतील तरुण मंडळींत दिसूं लागली आहे. एक बंद मोटार घ्यावी, तींत निजण्याची, दिव्यापंख्याची, पाण्याची व चार भांड्यांची सोय आपल्या हातांनीं करावी, आणि हॉटेलांचे उंबरे न झिजवितां देश पाहावा, असा हा बेत. तयार कॅराव्हान भाड्यानें मिळतात, व महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं त्यांच्यासाठीं स्वतंत्र धोरणही ठरविलें आहे. तथापि स्वतः केलेल्या वस्तूची गोडी निराळी. शिवाय विकतच्या कॅराव्हानची किंमत मध्यम स्थितीच्या कुटुंबास झेपण्यासारखी नाहीं. म्हणून हे हौशी कारागीर सामानाच्या शोधांत पेठा धुंडाळतांना दिसतात.

त्या सामानाविषयींच आज लिहावें असें मनांत आहे. गाडी कोठें न्यावी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणती वस्तु कोठून आणावी, कोणती जुनी चालेल आणि कोणती जुनी घेणें म्हणजे उशाशीं साप घेऊन निजणें होय, हें मात्र कोणी सांगत नाहीं. यंदा आमच्या घरींच हा उद्योग झाला. पुतण्यानें व सूनबाईंनीं एक लहान व्हॅन घेतली. तींत आमचे वडील बंधु व वहिनी निजणार, आणि तरुण मंडळी शेजारीं तंबू ठोकणार, असें ठरलें. सत्तरी ओलांडलेलीं दोन माणसें जिच्यांत दारें लावून रात्र काढणार, त्या पेटींत कोणतें सामान जातें हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाहीं. म्हणून आम्ही वही व मोजपट्टी घेऊन पुतण्याबरोबर पुण्याच्या पेठा पालथ्या घातल्या. सर्व पेठा पुण्याच्याच सांगितल्या तरी प्रत्येक मोठ्या शहरांत अशा गल्ल्या असतात. परगांवच्या वाचकांनीं नांवें तेवढीं बदलून घ्यावीं.

पेठेंत शिरण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन यावें, हें पहिलें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कारखान्यानें ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करण्यास मालकाला मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें स्पष्ट सांगितलें. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफाराला प्रत्येकीं पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. कॅराव्हान म्हणून गाडी मान्य करून घ्यावयाची तर त्यासाठीं ‘एआयएस १२४’ हें मानक आहे. पण त्याच्या कसोटीस उतरणें हें कारखानदाराचें काम, घरगुती सुताराचें नव्हे. पुतण्यानें यावर जो मार्ग काढला तो आम्हांस पसंत पडला. मागें सामानाची प्रशस्त जागा असलेली, पांच आसनांची गाडी त्यानें मुद्दाम निवडली. पत्रा कापावयाचा नाहीं, टपाला भोंक पाडावयाचें नाहीं, एकही आसन काढावयाचें नाहीं. सर्व सोय पेट्यांच्या रूपानें करावयाची. पेट्या गाडींत मुळांतच असलेल्या कड्यांना पट्ट्यांनीं आवळावयाच्या, आणि मुक्कामाला पोहोंचल्यावर मागील आसनाची पाठ दुमडून तीवर फळ्यांचा पलंग पसरावयाचा. एवढें करूनही त्यानें कागदावर आराखडा काढून तो परिवहन कार्यालयांत दाखविला व विमा कंपनीलाही पत्र लिहिलें. तोंडी होकाराला अपघाताच्या दिवशीं कोणी ओळखत नाहीं. उत्तर लेखी घ्यावें.

या निर्णयानें सामानाची यादी आपोआप आखडली. खिडक्या गेल्या, टपावरचा झरोका गेला, आणि त्यांच्याबरोबर निम्मा खर्चही गेला.

दुसरी गोष्ट वजनाची. हौशी माणूस लांबी-रुंदी मोजतो, वजन कोणी मोजत नाहीं. लहान गाडी रिकाम्या वजनाखेरीज किती भार वाहूं शकते हें तिच्या कागदपत्रांत व माहितीपुस्तकांत दिलेलें असतें. समजा, तो भार ५०० किलो आहे. सरासरी ६५ किलोप्रमाणें चार माणसांचे २६० गेले. उरले २४०. चाळीस लिटर पाण्याचे ४० वजा केले कीं २००. अंथरूण, कपडे, शिधा, तंबू यांचे ६० काढले कीं हातांत राहिले १४० किलो, आणि त्यांत संपूर्ण बिऱ्हाड बसवावयाचें. आतां ८ फूट × ४ फूट मापाचा १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा एक तक्ता सुमारें ३५ किलो भरतो. चार तक्ते घेतले कीं १४० किलो संपले. दिवा नाहीं, पंखा नाहीं, पातेलें नाहीं! स्वयंपाकघराच्या ओट्याखालीं जें प्लायवूड सुतार डोळे मिटून वापरतो तें गाडींत चालत नाहीं, याचें कारण हें. पलंगाला १२ मिलिमीटर व पेट्यांना ९ किंवा ६ मिलिमीटर जाडी पुरते. ६ मिलिमीटरचा तक्ता १२ किलोच्या आंतबाहेर असतो. कोपऱ्यांना ॲल्युमिनियमची काटकोनी पट्टी मारली म्हणजे पातळ प्लायवूडलाही पुरेसा ताठपणा येतो.

लाकडासाठीं भवानी पेठेंतील टिंबर मार्केट गांठावें. तेथें ‘आयएस ७१०’ असा शिक्का असलेलें, ओलाव्याला दाद न देणारें मरीन प्लायवूड मिळतें. तें उत्तम, पण जड. पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाचें प्लायवूड वजनाला पुष्कळ कमी भरतें. मात्र तें सर्व बाजूंनीं रंगवून घ्यावें, कडा तर दोनदां रंगवाव्या, कारण पाणी शिरतें तें कडेनें. तक्ता नाकाजवळ नेऊन वास घ्यावा. डोळ्यांत चुरचुर होईल असा उग्र वास येत असेल तर तो डिंकांतील फॉर्माल्डिहाइडचा असतो. मोठ्या दिवाणखान्यांत तो जाणवत नाहीं; बंद गाडींत रात्रभर तोच श्वासाबरोबर पोटांत जातो. कापलेले तुकडे आठ-दहा दिवस हवेशीर जागीं उभे करून मगच जोडावे.

याच भागांत पाडलेल्या वाड्यांचें लाकूड विकणारेही आहेत. तेथें आमचा पाय थोडा अडला, हें सांगितलें पाहिजे. तुळया, खण, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या; कोणाच्या तरी देवघराचें दार, कोणाच्या तरी माडीचा कठडा. आमचाही वाडा पाडून तेथें सदनिका उभ्या राहिल्या, त्याला आतां बरींच वर्षें झालीं. पुतण्या एका फळीवरून हात फिरवीत म्हणाला, “काका, ही अगदीं आपल्या माजघरांतल्या फडताळाची वाटते. पलंगाला हीच घेऊं या का?” फळी सहा फूट लांब, एक फूट रुंद व दोन इंच जाड होती, म्हणजे बरोबर एक घनफूट. सागवानाचा घनफूट सुमारें १८ किलो भरतो. पलंगाला अशा चार फळ्या लागत्या; ७२ किलो केवळ आठवणींचे झाले असते. शिवाय जुन्या लाकडाच्या पोटांत मोडलेले खिळे असतात व करवतीचें पातें त्यांवर फुटतें. लोहचुंबक फिरवून पाहिल्याशिवाय तें कापावयास घेऊं नये. शेवटीं एका मोडक्या चौकटीचा तुकडा घेतला आणि त्यांतून चार फूट लांब, अर्धा इंच जाड अशी पट्टी काढविली. ती आतां भांड्यांच्या फळीच्या कडेला बसविली आहे. वळणावर डबे खालीं येऊं नयेत म्हणून. तिचें वजन पाऊण किलोही भरलें नाहीं, व वडील बंधूंनीं ती पाहून फळीवर दोनदां टिचकी मारली.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. जुनें घ्यावें कीं नवें, हा प्रश्न प्रत्येक वस्तूपाशीं येतो आणि पुष्कळ लोक तो खिशाकडे पाहून सोडवितात. आम्हीं वहीच्या पहिल्या पानावर दोन कसोट्या लिहून ठेविल्या होत्या. बिघडली असतां जिच्यानें फार तर गैरसोय होईल, ती वस्तु जुनी घ्यावी. जिच्यानें माणूस दगावेल ती नवी, शिक्क्याची आणि पावतीसह घ्यावी. आणि जुनी घेतांनाही, जिचा दोष डोळ्यांना किंवा हाताला कळतो तीच घ्यावी. जिचा दोष पोटांत असतो तिच्या वाटेस जाऊं नये. कडी जुनी चालते, बॅटरी चालत नाहीं. इतकें साधें आहे. पण बाजारांत उभें राहिल्यावर, विक्रेता निम्म्या किंमतीचा आंकडा सांगूं लागल्यावर, तें साधें राहत नाहीं.

कड्या, बिजागऱ्या, खुंट्या, हातळ्या, पितळी नळ, लोखंडी चौकटी यांच्यासाठीं मंगळवार पेठेचा जुना बाजार ही खाण आहे. रविवार व बुधवार हे त्याचे पूर्वापार वार. दोनशें रुपयांच्या जिनसा घेतांना आठ माणसांशीं बोलणें होतें तें वेगळेंच. मात्र चोरीची म्हणून शंका येईल अशी वस्तु, विशेषतः गाडीचे सुटे भाग, पावतीवांचून घेऊं नये; चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा गुन्हाच आहे, व ‘मला ठाऊक नव्हतें’ हें उत्तर नेहमींच मान्य होतें असें नाहीं. नव्या लोखंडी सामानाला रविवार पेठेंतील बोहरी आळीसारखी जागा नाहीं. तेथें नायलॉक नट अवश्य घ्यावे. त्यांत आंतून नायलॉनची कडी बसविलेली असते, त्यामुळें रस्त्याच्या धक्क्यांनीं ते सैल होत नाहींत. घरांतल्या कपाटाला मारतात तसले लाकडी स्क्रू गाडींत सहा महिन्यांत आपापलीं भोंकें मोठीं करून बाहेर येतात. कपाटांचीं चुंबकी कुलुपेंही निरुपयोगी. पहिल्या गतिरोधकाला दार उघडतें आणि पोह्यांचा डबा भूमीवर येतो. आपली जुनी कडी-कोयंड्याची जोडी लावावी.

या बाबतींत सर्वांत चांगलें सामान जहाजांचें. जहाज डोलतेंच, म्हणून त्याच्या खोल्यांतील कप्पे, कड्या, दुमडतीं मेजें सर्व डुलण्याचा हिशेब धरून केलेलीं असतात. मुंबईस दारूखान्यांत व गुजरातेंत भावनगरजवळ अलंगला मोडीत निघालेल्या जहाजांचें सामान विकावयास येतें. आम्हीं मुंबईच्या एका फेरींत पितळेच्या चार कड्या आणल्या. तशी वस्तु नवी घ्यावयाची तर मिळणार नाहीं. पण तेथेंच उष्णतारोधक म्हणून जुन्या जहाजाचे तक्ते कोणी स्वस्तांत देऊं लागला तर हात जोडावे. जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉसचा वापर सर्रास होता, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेली म्हणजे परत येत नाहीं. एकाच दुकानांत कडी अमृत आणि तक्ता विष, अशी ही गोष्ट आहे. उष्णता अडविण्यासाठीं वातानुकूलनाच्या नळांना गुंडाळतात तें नायट्रिल रबराचें पत्र नवेंच घ्यावें. थर्मोकोल वापरूं नये. तो ठिणगीनें पेटतो व दाट काळा धूर सोडतो.

विजेच्या सामानाला आम्हीं सर्वांत जास्त वेळ दिला, व तो द्यावाच. घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी गाडींत टाकावी अशी पहिली कल्पना प्रत्येकाला सुचते. ती १५० ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी आम्लासह ५५ ते ६० किलो भरते, हा एक दोष. आणि भारित होतांना ती हायड्रोजन वायु सोडते, हा दुसरा. घराच्या मोकळ्या व्हरांड्यांत तो उडून जातो. दारें मिटलेल्या गाडींत, निजलेल्या माणसांच्या डोक्याशीं, त्याला जागा नाहीं. म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी घ्यावी. ३.२ व्होल्टचे चार घट एकापुढें एक जोडून तिचे १२.८ व्होल्ट होतात. लिथियमच्या इतर प्रचलित जातींहून ती उष्णतेला अधिक टिकाव धरते, आणि १०० ॲम्पिअर-तासांची असली तरी बारा-तेरा किलोंत बसते. विजेच्या रिक्षांतून व स्कूटरींतून काढलेले जुने घट हल्लीं बाजारांत ढिगानें येतात. एका विक्रेत्यानें आम्हांस तसे घट दाखवून म्हटलें, “काका, गॅरंटी देतों. चालली नाहीं तर परत आणून द्या.” आम्हीं विचारलें, “आणि जळली तर कोण परत आणून देणार?” तो हंसला, पण त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. घटाचा दोष पोटांत असतो. बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो. नवी बॅटरी, आणि तिच्या आंत अतिभारण व शॉर्टसर्किट यांपासून रक्षण करणारें ‘बीएमएस’ मंडल आहे कीं नाहीं हें विचारून, पावतीसह घ्यावी.

बॅटरी किती मोठी, हें ठरविण्यासाठीं सूनबाईंनीं एक तक्ता केला होता तो आम्हांस फार आवडला. पंखा १५ वॅटचा, रात्रीं आठ तास, म्हणजे १२० वॅट-तास. दिवे मिळून १० वॅट, चार तास, ४०. चार मोबाइल, प्रत्येकीं १५, मिळून ६०. बेरीज २२०. बारा व्होल्टची ५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी ६४० वॅट-तास सांठविते. म्हणजे ऊन न पडलें तरी दोन रात्री निभावतात. तक्त्यांत मिक्सर नव्हता. ५०० वॅटचा मिक्सर घरच्या २३० व्होल्टवर सवादोन ॲम्पिअरहून कमी प्रवाह घेतो, पण तोच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून चालवावयाचा तर ४२ ॲम्पिअर, आणि इन्व्हर्टरची तूट धरून त्याहूनही अधिक लागतात. घरच्या फिटिंगमधील २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेला हा प्रवाह झेपत नाहीं. ती तापते आणि तिचें वेष्टण वितळतें. वहिनी म्हणाल्या, “चटण्या मी घरूनच करून घेईन. मिक्सरपायीं गाडी जाळूं नका.” इन्व्हर्टर यादींतून गेला.

तारा व फ्यूज बुधवार पेठेच्या तपकीर गल्लींत मिळतात. तांब्याची म्हणून विकली जाणारी तार कधीं कधीं तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. चाकूनें खरवडून पाहावें, आंत पांढरें दिसलें तर परत द्यावी. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या अगदीं जवळ बसवावा, कारण फ्यूजच्या अलीकडची तार कोणीही राखीत नाहीं. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. घरच्या भिंतीवरचीं बटणें गाडींत लावूं नयेत. घरची वीज दिशा बदलतांना सेकंदाला शंभर वेळां शून्यावर येते, त्यामुळें बटण उघडतांना पडलेली ठिणगी विझते. बॅटरीची वीज अशी शून्यावर येत नाहीं, व ठिणगी टिकून राहते. एकदिश प्रवाहासाठीं केलेलीं बटणें निराळीं मिळतात. पंखा नाना पेठेंत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत पाहावा. पण ट्रकचे पंखे बहुधा २४ व्होल्टचे असतात, ते १२ व्होल्टवर लावले कीं आजाऱ्यासारखे फिरतात. मागें लिहिलेला आंकडा वाचून घ्यावा.

सौर पत्रा मात्र जुना चालतो, कारण त्याचा दोष लपत नाहीं. कांच तडकलेली नाहीं, आंतल्या पट्ट्या तपकिरी झालेल्या नाहींत, हें पाहावें. मग भर दुपारीं उन्हांत धरून मल्टिमीटर लावावा आणि मागील चिठ्ठीवरच्या आंकड्यांशीं ताडून पाहावें. शंभर वॅटच्या साध्या पत्र्याला मोकळ्या टोकांशीं सुमारें २२ व्होल्ट दिसावे. पुतण्यानें तो टपावर न ठोकतां सुटा ठेविला आहे. मुक्कामाला गाडी सावलींत व पत्रा उन्हांत. मधला नियंत्रक नवा घेतला, व त्यांत लिथियमची निवड करण्याची सोय आहे हें पाहून घेतला.

पाण्याच्या बाबतींत एक धोका असा आहे कीं, त्याची कल्पना शहरी माणसाला येत नाहीं. बॅटरीवर चालणाऱ्या फवारणीपंपाची १२ व्होल्टची छोटी मोटार नळाला पाणी चढविण्यास उत्तम, आणि शेतीसामानाच्या कोणत्याही दुकानांत ती स्वस्तांत मिळते. हौशी मंडळी ती जुन्या पंपांतूनही काढून घेतात. तें कदापि करूं नये. त्या पंपांतून कीटकनाशक गेलेलें असतें व तें पडद्यांत आणि रबरांत मुरलेलें असतें. दहा वेळां धुतल्यानें तें जातें असें मानूं नये. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले, हें वाचकांस स्मरत असेल. तेंच औषध नळाच्या तोटींतून आजीच्या पेल्यांत यावें काय? मोटार नवीच घ्यावी. जुन्या बाजारांतील निळ्या पिंपांविषयींही हेंच. आंत पूर्वीं काय होतें हें विकणाराही जाणत नाहीं. पाण्यासाठीं अन्नयोग्य म्हणून विकले जाणारे वीस लिटरचे दोन नवे कॅन घ्यावे. ते झिजले तर बदलतां येतात, आणि विहिरीवर हातांनीं नेऊन भरतां येतात. टाकी उचलून नेतां येत नाहीं. मच्छीमार वापरतात ती बर्फाची पेटी थंडावा राखण्यांत महागड्या फ्रिजलाही लाजवील, असें पुतण्यानें कोंकणांत पाहून सांगितलें. ती नवी घेतली. जुनी स्वस्त होती, पण ती स्वयंपाकघरांत आली असती तर वहिनी दुसऱ्या दाराने बाहेर गेल्या असत्या.

गॅसविषयीं आम्ही हट्टी आहों. स्वयंपाक गाडीबाहेर, ताडपत्रीच्या छपराखालीं व्हावा, आणि निजण्याच्या वेळीं सिलिंडर बाहेर असावा. एलपीजी हवेहून जड असतो. गळला तर तो वर न जातां तळाशीं सांचतो, आणि पलंग तळाशींच असतो. रस्त्याच्या कडेला कोणीतरी भरून देणारे लहान बेवारशी सिलिंडर मिळतात त्यांना हात लावूं नये. तेल कंपन्यांचे ५ किलोचे अधिकृत सिलिंडर आहेत; इंडियन ऑईलनें २०२० सालीं आपल्याला ‘छोटू’ असें नांवही दिलें आहे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर व वर्षाचे आंकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती त्याच्या पुढील तपासणीची मुदत होय. उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊं नये. नळी पोलादी जाळीची, नारिंगी, नवी. थंडींत गाडीच्या आंत शेगडी, कोळसा वा गॅसची बत्ती ऊब म्हणून ठेवूं नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि निजलेला माणूस जागा होत नाहीं. आम्हीं तर एक लहान अग्निशामक नळकांडें दाराजवळ, निजल्या हाताला लागेल असें, टांगविलें आहे. तें नवें आहे हें सांगावयास नकोच.

गादी फोमची, कापसाची जड होते व दमट हवा धरून ठेविते. पडदे वहिनींच्या दोन सुती लुगड्यांचे झाले. मच्छरदाणी कोपऱ्यावरच्या शिंप्यानें शिवली. या तिन्ही वस्तूंना मिळून जेवढा खर्च आला त्याहून जास्त आम्हीं वायरीच्या टोकांना लावावयाच्या तांब्याच्या टोप्यांवर केला, व त्याची आम्हांस मुळींच खंत वाटत नाहीं.

सर्व बसवून झाल्यावर गाडी खडबडीत रस्त्यानें पन्नास किलोमीटर फिरवून आणली व प्रत्येक नट पुन्हां आवळला. मग शिधा, पाणी, तंबू, माणसें यांसह ती थेट वजनकांट्यावर नेली. मालगाड्यांसाठीं असे कांटे शहराबाहेर ठिकठिकाणीं असतात व थोड्या पैशांत छापील चिठ्ठी मिळते. आमच्या हिशेबाहून अठरा किलो भार अधिक निघाला. पुतण्यानें तेथेंच दुसरा लोखंडी जॅक, तंबूचे जादा खांब आणि आमच्या पुस्तकांची पिशवी काढून ठेविली. तरी मर्यादेखालीं जेमतेम तीन किलोच शिल्लक राहिले. चिठ्ठी हातांत घेऊन तो उभा होता, तेव्हां वहिनींनीं मिक्सर नाहीं तर निदान माहेरचा लोखंडी खलबत्ता तरी नेऊं द्या, असें म्हटलें. त्याचें वजन चार किलो आहे. तो प्रश्न हें लिहीपर्यंत सुटलेला नाहीं.